जिन्याखालची बादली

सोलापुरात आमच्या शुक्रवार पेठेत सकाळी आधी घंटागाडीचं गाणं पोचतं, मागून गाडी, आणि गाडीमागे डबे घेऊन पळणारे आम्ही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर घर आवरताना माळ्यावर चार जुन्या ट्यूबलाइट सापडल्या. मी त्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, सुतळीनं बांधल्या आणि सुक्या कचऱ्याच्या पिशवीत उभ्या खोचून दिल्या. आपण फार नीटनेटकं काम केलं असंच मला वाटत होतं. गाडीवरच्या बाईंनी पिशवी आत दाबली, फाटकन आवाज झाला आणि पांढरी पूड उडाली. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, तळहातात रुतलेली काच दातांनी उपसून काढली आणि म्हणाल्या, "अक्का, पुढच्या बारीला असलं काही असलं तर आधी सांगा की. हात घालायच्या आधी."

टाकू नका, असं त्या म्हणाल्या नाहीत. आधी सांगा, एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी मी जिन्याखाली एक बादली ठेवली. तिच्यात काय जातं, काय जात नाही आणि ती भरल्यावर काय करायचं, हे या दोन वर्षांत विचारत, चुकत जमवलं. तेच इथे सांगते.

घरातल्या या कचऱ्याला सरकारी भाषेत 'घरगुती घातक कचरा' म्हणतात. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत त्याची यादीच दिली आहे: रंगाचे डबे, कीटकनाशकांचे कॅन, सीएफएल दिवे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेले सेल, सुया आणि सिरिंज. ओला आणि सुका यांच्या जोडीला हा तिसरा वाटा घरातच वेगळा करायचा, हे तेव्हापासून प्रत्येक घरावर बंधनकारक आहे. 2026 च्या नव्या नियमांनी ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार वाटे केले. आपल्याकडे मात्र अजून दोनच डबे. कित्येक घरांत तर एकच.

तिसऱ्या डब्याचं नाव काढलं की बायका म्हणतात, "आमच्या एवढ्याशा घरात आणखी एक डबा कुठं ठेवू?" तक्रार खरी आहे. पण या कचऱ्याचा एक गुण कुणी सांगत नाही: तो थांबतो. भाजीची देठं दुसऱ्या दिवशी वास मारतात, सेल वर्षभर पडून राहिला तरी त्याला वास येत नाही. आमच्या पाच माणसांच्या घरात महिन्याला ओंजळभरसुद्धा निघत नाही. त्यामुळे तो रोज कुणाला द्यायची गरज नाही. वर्षातून दोन-तीनदा, वेळ काढून, योग्य ठिकाणी दिला की झालं. आपली चूक होते ती घाईनं. हातात आलं की आजच्या गाडीत जायला हवं, असं आपल्याला वाटतं.

बादली म्हणजे भिंतीच्या रंगाची, घट्ट झाकणाची, दहा लिटरची प्लॅस्टिकची रिकामी बादली. रंगाऱ्याकडे मागितली तर फुकट मिळते. झाकणावर मार्करनं मोठ्या अक्षरात 'धोका – उघडू नका' लिहायचं. वाचता न येणाऱ्या नातवंडासाठी शेजारी एक कवटी काढायची. आमच्या घरात ती कवटी माझ्या नातवानंच काढली आहे, त्यामुळे ती थोडी हसरी आहे. जागा सावलीची, कोरडी आणि गॅसपासून लांब हवी. गच्चीवर किंवा पत्र्याखाली ठेवू नका. सोलापूरचा मे महिना चव्वेचाळीसच्या घरात जातो, आणि त्या उन्हात डासांच्या स्प्रेचा डबा फुटायला काडी लागत नाही. लोणच्याची किंवा शेंगाचटणीची बरणी या कामाला कधीच घेऊ नका. खाण्याच्या बरणीकडे हात आपोआप जातो.

यावरून पहिला नियम येतो: भांडं बदलायचं नाही. टॉयलेटचं अ‍ॅसिड पाण्याच्या बाटलीत, थिनर सरबताच्या बाटलीत, शेतावरचं औषध तेलाच्या डब्यात, हे आपल्याकडे सर्रास चालतं. आणि याचा उलटा प्रवास तर त्याहून वाईट. बिहारमध्ये गंडामण गावच्या शाळेत जुलै 2013 मध्ये मध्यान्ह भोजनानंतर 23 मुलं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. ते तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवलेलं होतं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं.

आता आपल्या गावाकडे पाहा. सोलापूरला नळाचं पाणी रोज येत नाही, दोन-चार दिवसांआड येतं, कधी त्याहून उशिरा. त्यामुळे प्रत्येक घरात निळं बॅरल आहे. हे बॅरल नवीन कोण आणतं? बहुतेक वेळा ते जुनं, कुठल्या तरी कारखान्यातून निघालेलं असतं. आपलं गाव चादरी आणि टॉवेलचं. सुताला रंग देणाऱ्या आणि टॉवेल पांढरे करणाऱ्या कारखान्यांत कॉस्टिक, हायड्रोजन पेरॉक्साइड, रंगाला लागणारी रसायनं पिंपांतून आणि कॅनमधून येतात. रिकामी पिंपं भंगारात जातात आणि भंगारातून आपल्या न्हाणीघरात. दुसऱ्याचा घातक कचरा आपण पैसे देऊन घरी आणतो आणि त्यात पिण्याचं पाणी भरतो.

घरी जुनं बॅरल असेल तर आज त्याच्याभोवती एक चक्कर मारा. चौकटीत मेलेला मासा, कवटी किंवा हातावर सांडणाऱ्या थेंबाचं चित्र असलेलं लेबल किंवा त्याचा खरवडलेला भाग दिसतो का? उन्हात ठेवून झाकण उघडल्यावर आत वास येतो का? आत आधी काय होतं हे ठाऊक नसेल, तर ते पिण्याच्या पाण्याला वापरू नका. दहा वेळा धुतलं तरी प्लॅस्टिक आतून काय शोषून बसलंय ते कळत नाही. अंगण धुवायला ठेवा. भाजीच्या वाफ्यालाही नको. पिण्याच्या पाण्यासाठी खाद्यपदार्थांसाठी बनवलेलं नवं पिंप घ्या किंवा सरळ स्टीलची टाकी. खर्च आहे, मान्य. आमच्या घरात या विषयावर आठवडाभर अबोला होता.

दुसरा नियम: एकात एक ओतायचं नाही. दिवाळीच्या साफसफाईत संडास चकचकीत करायला आधी ब्लीचिंग पावडर टाकायची आणि वरून अ‍ॅसिड, असा 'डबल इफेक्ट' कितीतरी घरांत दिला जातो. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. जुन्या वाड्यांतली न्हाणीघरं खिडकी नसलेली, दाराला कडी. पहिल्याच श्वासात छाती धरते. असं झालं तर पाणी मारत बसू नका, बाहेर पळा, दारं उघडा. उरलेलं अ‍ॅसिड, फिनेल, ब्लीचिंग यांची सोय सोपी आहे: वापरून संपवा. अर्ध्या-अर्ध्या बाटल्या जमवून एकत्र करू नका, आणि पुढच्या वेळी लहान बाटली आणा.

पाऱ्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण तो आपल्याला घरचा वाटतो. लहानपणी थर्मामीटर फुटला की पाऱ्याचे मणी तळहातावर खेळवलेली आमची पिढी. पारा नुसत्या खोलीच्या उबेलाही हवेत उडतो, आणि ती वाफ दिसत नाही, तिला वास नाही. एका सीएफएलमध्ये तो जेमतेम तीन-पाच मिलिग्रॅम असतो, थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम. म्हणजे एक थर्मामीटर फुटणं शंभराहून जास्त सीएफएल फुटण्यासारखं. जपानमधल्या मिनामाता गावात कारखान्याचा पारा समुद्रात, समुद्रातून माशांत आणि माशांतून माणसांच्या मेंदूत गेला. 1956 मध्ये त्यातून झालेला आजार पहिल्यांदा नोंदला गेला. त्याच गावाच्या नावानं झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराला भारतानं 2018 मध्ये मान्यता दिली. पाऱ्याचे दिवे जगभरातून टप्प्याटप्प्यानं बंद होत आहेत ते त्यामुळेच. दुकानात आता सगळे एलईडी आहेत, पण माळ्यावरच्या ट्यूब अजून आपल्याच आहेत.

आपल्याकडे पारा आणखी एका वाटेनं घरात येतो: धान्यात घालायच्या पारद टिकड्या. वर्षाची ज्वारी भरताना कणगीत, पत्र्याच्या डब्यात आमच्या सासूबाई त्या मोजून टाकायच्या. नावातच पारा आहे, तरी कधी कुणी प्रश्न केला नाही. मंगळवेढ्याची मालदांडी भरायची असेल तर एप्रिल-मेमध्ये चार कडक उन्हं द्या, डबा कोरडाठाक करा, कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. गव्हाला, डाळींना एरंडेल चोळा. आधीच टाकलेल्या टिकड्या धान्य चाळून वेगळ्या काढा, झाकणाच्या छोट्या बरणीत घाला आणि ती बरणी बादलीत. टिकड्या कुंडीत किंवा खताच्या खड्ड्यात टाकू नका.

धान्याच्याच दुसऱ्या गोळ्या, अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या, त्या घरात नकोतच. हवेतल्या ओलाव्यानं त्यांतून फॉस्फीन वायू निघतो, आणि झोपायच्या खोलीत पोत्यांना त्या लावल्यामुळे माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. नियमानं त्या घरगुती ग्राहकाला विकताच येत नाहीत. कुणी हौसेनं आणून दिलेली डबी असेल तर उघडू नका, मोरीत टाकू नका, पाण्याच्या जवळही नेऊ नका. मिळाली त्याच दुकानात बंद डबी परत न्या.

ट्यूब, सीएफएल किंवा थर्मामीटर फुटलाच तर मुलांना बाहेर काढा, पंखा बंद करा, खिडक्या उघडा आणि दहा-पंधरा मिनिटं खोलीत जाऊ नका. मग हातातल्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवा. पारा सोन्याला चिकटतो आणि सोनं पांढरं पडतं. सराफाकडे नेलं तर तो तापवायला घेईल आणि ती वाफ त्याच्या छातीत जाईल. केरसुणी लावू नका, एका मण्याचे शंभर मणी होतात. दोन जाड पुठ्ठे घ्या, एकानं दुसऱ्यावर लोटा. बारीक कण चिकटपट्टीनं टिपा, शेवटी ओल्या कागदानं पुसा. पुठ्ठे, पट्टी, कागद, काच असं सगळं झाकणाच्या बरणीत. गादीवर किंवा सतरंजीवर फुटला असेल तर तेवढा तुकडा कापून काढणं बरं. वॉशिंग मशीनमध्ये घालू नका. न फुटलेली ट्यूब मात्र तिच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यात, नसेल तर पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात उभी ठेवा. वर्तमानपत्र काचेला आवर घालत नाही, हे मी पाहिलंय.

औषधांचा डबा बहुतेक घरांत देवघराशेजारी असतो, आणि देवघरासारखाच त्यातून काही बाहेर पडत नाही. वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि दसऱ्याला, तो उपडा करा. मुदत संपलेल्या पट्ट्या कात्रीनं मधून कापा, म्हणजे कुणी त्या उचलून पुन्हा विकणार किंवा खाणार नाही. मग त्या मूळ पट्टीतच बादलीत ठेवा. गोळ्या मोरीत किंवा संडासात टाकायच्या नाहीत. अँटिबायोटिक गटारात गेलं की तिथले जंतू त्याला सरावतात आणि पुढच्या आजारात तेच औषध चालत नाही. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेनं 2025 मध्ये काढलेल्या मार्गदर्शनात फक्त 17 औषधं संडासात टाकायला सांगितली आहेत. फेंटानिल, मॉर्फीन, ट्रॅमाडॉल अशी ही औषधं चुकून दुसऱ्यानं घेतली तर जीवावर बेततील म्हणून. घरात कॅन्सरचा रुग्ण असेल तर हे डॉक्टरांकडून समजून घ्या. सरबतासारखी औषधं बाटलीतच राहू द्या. ओळखीच्या मेडिकलवाल्याला विचारा: परत घेता का? केरळात सरकारनं 2025 मध्ये घरातली जुनी औषधं गोळा करायला सुरुवात केली आहे. आपल्याकडे अशी सोय होईपर्यंत विचारत राहणं एवढं आपल्या हातात आहे.

इन्शुलिनच्या सुयांना एक वेगळा डबा हवा, कारण आपल्या पेठेत मधुमेह नसलेलं घर शोधावं लागतं. फिनेलचा जाड प्लॅस्टिकचा रिकामा कॅन घ्या. सुईवर टोपण परत बसवायचा प्रयत्न करू नका, बोटाला टोचते ती तिथेच. टाकायची सरळ कॅनमध्ये. तीन चतुर्थांश भरला की बूच लावून चिकटपट्टी गुंडाळा आणि जिथं तपासणीला जाता त्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये विचारा. त्यांच्याकडचा वैद्यकीय कचरा रोज वेगळ्या गाडीनं जातो. दोन ठिकाणी नाही म्हणतील, तिसऱ्या ठिकाणी घेतील. सॅनिटरी पॅड आणि डायपर या बादलीत येत नाहीत, पण कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्या. पुण्यात कचरावेचक बायकांच्या 'स्वच्छ' संस्थेनं हा आग्रह कित्येक वर्षं धरला आहे. न उघडता आत काय आहे ते कळावं, इतकाच त्या ठिपक्याचा अर्थ.

बाकीचं भराभर सांगते. सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा. बटणासारखे चपटे सेल आधी मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. गिळला तर दोन तासांत अन्ननलिका जळू शकते, उलटी करवू नका, सरळ दवाखाना गाठा. मोबाइलची बॅटरी फुगली असेल तर टोचू नका, चार्जिंग बंद करा आणि कोरड्या वाळूच्या डब्यात वेगळी ठेवा. ती बादलीत नको. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेट घेते, आणि मग भोगावच्या कचरा डेपोवरचा धूर कुणामुळे म्हणून आपण महापालिकेला बोलत बसतो. इन्व्हर्टरची बॅटरी विकत घेतलेल्या दुकानात द्या, पैसे कापून मिळतात. भंगारवाल्याला दिली तर तो आधी आतलं अ‍ॅसिड गटारात ओततो. उरलेला रंग शेजाऱ्याच्या दाराला लावा. अगदी तळाशी असेल तर वाळू घालून उन्हात सुकवा, आपल्याकडे त्याला अर्धा दिवस पुरतो. थिनर मात्र उन्हात ठेवायचा नाही. गड्डा यात्रेच्या, दिवाळीच्या न वाजलेल्या फटाक्यांना रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवा. होळीत स्प्रेचे डबे, वायर, रंगाचे ब्रश टाकू नका. गावाकडच्या शेतावरची औषधाची बाटली शहरातल्या घरात आणूच नका. ती तिथेच तीन वेळा खळबळून ते पाणी फवारणीच्या पंपात घाला. लेबलवर तळाशी रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असा अर्थ नाही.

पोटात काही गेलंच तर बाटली किंवा लेबल सोबत घेऊन सिव्हिलला जा. दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र 1800 116 117 या मोफत क्रमांकावर उत्तर देतं. हा क्रमांक बादलीच्या झाकणावरच लिहून ठेवा. फ्रिजवर लिहिला तरी चालेल.

आता बादली भरली. कुठं द्यायची? 2016 च्या नियमांनी महापालिकांना सांगितलं की दर वीस चौरस किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक संकलन केंद्र काढा आणि त्याच्या वेळा जाहीर करा. सोलापूर महापालिकेचं क्षेत्र 178.57 चौरस किलोमीटर. भागून पाहा, नऊ केंद्रं येतात. मी आमच्या झोन ऑफिसात हा भागाकार कागदावर लिहून नेला. टेबलापलीकडच्या माणसानं तो नीट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "मॅडम, अर्ज करा." अर्ज केला. तुम्हीही करा. एका अर्जाची फाइल होते, वीस अर्जांची बैठक होते. अर्जात तक्रार लिहू नका, विचारा: आपल्या झोनचं घातक कचरा केंद्र कुठं आहे, वेळ काय, आणि नसेल तर घंटागाडीवर वेगळी पेटी कधी लागेल. पोच घ्या. संकलन केंद्रातून पुढे तो कचरा प्रक्रिया केंद्रात जायला हवा. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अशी केंद्रं आहेत. तिथं पोचवणं महापालिकेचं काम. आपल्या बादलीचा प्रवास झोन ऑफिसपर्यंतच.

तोवर एक उपाय गल्लीतला. जुन्या गावातला आजोबा गणपती 1885 पासूनचा, पुण्याच्याही आधीचा, असं आम्ही सोलापूरकर पाहुण्यांना सांगितल्याशिवाय राहत नाही. प्रत्येक बोळात एक गणपतीचं मंडळ आणि वर्गणीला दार ठोठावणारी मुलं आहेत. आमच्या गल्लीतल्या मुलांना गेल्या वर्षी मी म्हटलं, पावती फाडताना घरोघरचे सेलही मागा. पहिल्या फेरीत रिमोटचे, घड्याळाचे, टॉर्चचे मिळून दोन पोती सेल निघाले. मुलं हादरली, मीसुद्धा. ती पोती इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत संकलकाला एकत्र बोलावून दिली. एका घरासाठी तो येत नाही, साठ घरांसाठी आला.

गाडीवरच्या बाई आता आमच्या दाराशी आल्या की विचारतात, "आज काय सांगायचं हाय का?" बहुतेक दिवशी नसतं. काही फुटलेलं, टोकदार असेल तर मी ते वेगळ्या डब्यात हातात देते आणि नाव सांगते. त्या ते गाडीच्या पुढच्या बाजूला, ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवतात. ती त्यांनी स्वतः काढलेली सोय आहे, कुठल्या नियमात नाही.

आज माझ्या बादलीत तीन ट्यूब, अकरा सेल, पारद टिकड्यांची एक बरणी, कापलेल्या औषधांची पिशवी आणि डासांच्या औषधाची दोन रिफिल आहेत. एक वस्तू मात्र अजून बाहेर आहे. सासरे कंपाउंडर होते. त्यांचं लाकडी पेटीतलं बीपीचं यंत्र कपाटात आहे, उभ्या काचेत पारा चमकतो, जवळजवळ शंभर ग्रॅम. भंगारवाल्यानं दोनशे रुपये देऊ केले होते. एका दवाखान्यानं घ्यायची तयारी दाखवली आहे, येत्या सोमवारी न्यायचं ठरलं आहे. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.